न सांगता काढलेली वायर

"सर, काढते हं!"

असं ओरडून मी कॅमेऱ्याची वायर संगणकातून उपटली. स्क्रीनवर लगेच पाटी आली, 'कॅमेरा जोडलेला नाही.' वायर परत खुपसली, पाटी गेली, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. सकाळपासून माझं हेच चाललं होतं. काढायची, लावायची, काढायची, लावायची. तिकडे सांगलीत आई शेजारणींना सांगायची की आमची पल्लवी पुण्यात कर्नलवर काम करते, आणि शेजारणी विचारायच्या, कुठल्या पलटणीचे? मी दिवसभर वायरी उपटत बसते हे कळलं असतं तर आईने मला पहिल्या गाडीने परत बोलावलं असतं.

"पुन्हा त्यांचा फोन होता," आगाशे सर दारातून म्हणाले. "कालच्या शिबिरात परत हँग झालं."

"शक्यच नाही सर. आत्ता तुमच्यासमोर काढली की. काही झालं का?"

"तेच तर कळत नाहीये. इथे होत नाही आणि तिथे होतं."

हा कर्नल म्हणजे संगणकाच्या अगदी तळाशी बसलेला कारभारी. वर दिसणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमांना जे काही हवं असेल ते त्याच्याकडे मागावं लागतं. आम्ही त्याच्यासाठी एका कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लिहीत होतो, म्हणजे त्या कॅमेऱ्याशी बोलायची भाषा कर्नलला शिकवत होतो. कॅमेरा डोळ्यांचा. आमचं गिऱ्हाईक तो गाडीत घालून खेडोपाडी शिबिरं घ्यायचं आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांचे आतून फोटो काढायचं. मांडवात टेबल, टेबलावरून लोंबणारी वायर, आणि त्या वायरीत कुणाची तरी काठी नाहीतर पाय अडकायचाच. वायर निघाली तर निघाली, पाटी यावी, परत लावावी, पुढचा माणूस घ्यावा. पण तिथे वायर निघाली की अख्खा संगणक गोठायचा. तो बंद करून चालू होईस्तोवर बिचारे लोक बाकावर ताटकळत. गिऱ्हाईक वैतागलं होतं. महिनाअखेर दुरुस्त करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. आमचं ऑफिस म्हणजे एरंडवण्यातला एक तीन खोल्यांचा फ्लॅट, त्यात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी माणसं. ते काम गेलं असतं तर ऑफिसला कुलूप लागलं असतं.

ड्रायव्हर मुळात सरांनी लिहिलेला. श्रीकांत आगाशे. पंचावन्नच्या आसपासचे, किडकिडीत, कायम अर्ध्या बाह्यांचा शर्ट. आवाज चढवणं माहीत नाही. चालताना खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीला सॉरी म्हणणारा माणूस. मी तोंडाने फटकळ, त्यामुळे आमचं छान जमायचं. माझ्या वाटणीचं सभ्य ते बोलायचे आणि त्यांच्या वाटणीचं भांडण मी करायचे.

सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "कर बघू पुन्हा."

मी ओरडले, "काढते हं!" आणि काढली. पाटी आली.

"हे तू 'काढते हं' असं का म्हणतेस?"

"तुम्हीच तर शिकवलंत. तुमचं काही चालू असेल तर बिघडायला नको म्हणून."

"बरं. आणि तू असं म्हणालीस की मी काय करतो?"

मी आठवून पाहिलं. "हात वर घेता."

"हात वर घेतो. घेत असलेला फोटो पूर्ण होऊ देतो. मग म्हणतो, हं, काढ." सर खुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावून हसायला लागले. "अरे देवा! म्हणजे इतके दिवस आपण एकमेकांची परवानगी घेऊन वायर काढतोय. खेड्यातला म्हातारा विचारणार आहे का, साहेब, मी आता अडखळू का म्हणून?"

मलाही हसू आलं.

"तू सांगलीची ना? मग एवढी सभ्य कशी झालीस?"

"तुमच्या संगतीने बिघडले, सर."

"आता असं कर. मी फोटो घेत बसतो. तुझ्या मनाला येईल तेव्हा उपट. मला सांगायचं नाही."

वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड निघालं. हात वायरीकडे गेला की तोंड आपोआप उघडायचं. दोनदा मी 'का' म्हणून थांबले आणि सर दोन्ही वेळा हात वर घेऊन बसले. शेवटी ते सकाळी केलेल्या दुधीच्या भाजीचं काहीतरी सांगायला लागले, बायकोने आतून मोहरी जळाल्याचा वास कसा ओळखला ते, आणि त्यांचं वाक्य अर्ध्यात असताना मी दात आवळून वायर खेचली.

पाटी आली नाही. स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी थांबला. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलं. सरांनी सगळी बटणं दाबून पाहिली, काही हलेना.

"सापडलं!" सर म्हणाले. जत्रेत हरवलेलं पोर सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

दुपारी त्यांनी फळ्यावर चौकोन काढून मला समजावलं. वरचा प्रोग्रॅम कर्नलकडे फोटो मागतो. कर्नल कॅमेऱ्याला सांगतो आणि कॅमेऱ्याच्या उत्तराची वाट बघत बसतो. "आणि इथे मी माती खाल्ली," सर म्हणाले. "किती वेळ वाट बघायची ते लिहिलंच नाही. कॅमेरा उत्तर देणारच, असं गृहीत धरलं. तो मध्येच गेला तर हा बसून राहतो. बसताना कुलूप लावून बसलाय, त्यामुळे त्याच्या मागचे सगळे बसून राहतात."

"मग कॅमेरा गेल्याचं कळलं की त्याचं सगळं आवरून टाकायचं. त्याची मेमरी मोकळी करायची, की झालं."

"इतकी घाई? अगं, ती मेमरी कुणीतरी अजून धरून बसलेलं असतं. त्यानं हात सोडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. आवरणं सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा काय करायचं?"

"कुलूप सोडायचं?" मी म्हटलं.

"पहिल्यांदा, जे वाट बघतायत त्यांना सांगायचं. तो गेला, आता यायचा नाही. एवढंच. पुढे काय करायचं ते त्यांचं ते बघतील."

मी आपली शक्कल लढवली. "सर, त्यापेक्षा सोपं सांगू? गेला म्हणून कशाला कळवायचं? वर एक काळा फोटो पाठवून द्यायचा. प्रोग्रॅमला वाटेल फोटो आला. तो थांबणार नाही, हँग होणार नाही, कुणाला पत्ताही लागणार नाही."

सर माझ्यावर चिडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. आवाज तेव्हाही चढला नाही, पण खडू त्यांनी टेबलावर ठेवला तो आपटून.

"तो काळा फोटो कुणाच्या तरी डोळ्याचा म्हणून जाईल, पल्लवी. डॉक्टर तो खरा धरून पुढे चालतील. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणावं. खोटं उत्तर पाठवून कुणाला चालवत ठेवायचं नाही. कधीही नाही."

मी मान खाली घातली. तेवढ्यात चार वाजले आणि सर मोबाइल घेऊन गॅलरीत गेले.

चारचा फोन आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होता. सरांच्या बायकोला, शैलाकाकूंना, कॅन्सर होता आणि तो हाडांत उतरला होता. वर्षभर त्या अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचं बोलून ठेवलं होतं. मूलबाळ नव्हतं. काकूंचे थोरले भाऊ येऊन राहिले होते, दिवसा एक बाई यायची. सर सकाळी स्वयंपाक करून डबा घेऊन यायचे आणि चारला घरी फोन लावायचे. दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगायचे, अगदी कुणी कुणाचा चहा पिऊन टाकला इथपर्यंत. फोन झाला की काकू दुखण्याची गोळी घ्यायच्या. ती घेतली की त्यांना गाढ झोप लागायची, म्हणून आधी बोलून घ्यायचं, असा दोघांचा ठराव होता.

त्या दिवशी सर आत आले तेव्हा मी विचारलं, "काकू कशा आहेत?"

"वायरीचं सांगितलं तिला. खूप हसली. म्हणाली, त्या मुलीला म्हणावं, शाबास." मग मोबाइल खिशात ठेवत म्हणाले, "मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलंय. न सांगता जायचं नाही. बाकी काही का होईना, मी असताना आणि मला सांगून. हो म्हणालीये."

सरांनी खडू उचलला आणि ते पुन्हा चौकोन काढायला लागले.

पुढच्या सोमवारी ड्रायव्हर अर्धामुर्धा नव्याने लिहून झाला होता. जेवणं आटोपून बराच वेळ झाला होता. साडेतीनच्या सुमाराला सर म्हणाले, "जरा चहा सांगून येतो." उठले, टेबलाची कड धरली आणि हळूच जमिनीवर बसले. त्यात काही वावगं वाटावं असंही नव्हतं, चप्पल शोधायला बसावं तसे बसले. मी म्हटलं, "सर, काय हवंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ते काही बोलले नाहीत.

इस्पितळ अगदी जवळ होतं. तरी उशीर झाला.

आम्ही सगळे वर्षभर मनातल्या मनात काकूंच्या जाण्याची तयारी करत होतो. कुणी रजा राखून ठेवली होती, कुणी रक्तदात्यांचे नंबर. सरांना काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सरांना घरी नेलंच नाही. परस्पर वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. तिथे काकूंचे भाऊ, मनोहर दाबके, आमच्यापाशी आले. सत्तरीचा माणूस, डोळे सुजलेले. हात जोडून म्हणाले, "एक विनंती आहे. शैलाला कळता कामा नये. ती हे सहन नाही करू शकणार. तिचे थोडेच दिवस राहिलेत, ते सुखात जाऊ देत. श्रीकांत ऑफिसच्या कामाला बंगलोरला गेलाय असं मी सांगणार आहे. तुम्ही कृपा करून घरी फोन करू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आमच्याकडे आजारी माणसापासून असं लपवतातच, त्यात विचार करण्यासारखं आहे असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

सरांचा डबा मात्र ऑफिसात राहिला होता. मी तो घासून ठेवला. शुक्रवारी डबा आणि सरांचा चष्मा पिशवीत घालून दुपारी सहकारनगरला त्यांच्या घरी गेले. दारातच द्यायचा आणि निघायचं, असं ठरवलं होतं.

दार दाबकेकाकांनी उघडलं. मला बघून ते दचकलेच. आतल्या खोलीकडे एक नजर टाकून त्यांनी मला खुणेनेच आत घेतलं. पिशवी घेतली, चष्मा पाहिला आणि पटकन टीव्हीमागे सरकवून ठेवला.

"बस," ते कुजबुजले. "पाणी देतो."

मी बसले, आणि तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात बारीक आवाजात फोन वाजला. मी ती धून ओळखली. सरांचा मोबाइल होता. भिंतीवर चार वाजून गेले होते.

काकांनी खिसा दाबून धरला. धून थांबली. त्यांनी फोन बाहेर काढला, आपला चष्मा कपाळावर घेतला आणि एकेक बटण शोधत काहीतरी लिहिलं. क्षणभराने आतल्या खोलीत टिंग असा आवाज झाला.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "रोज हेच लिहितोय. पण आता तिला संशय यायला लागलाय गं. म्हणते, हे असं तुटक लिहीत नाहीत कधी. बरं झालं तू आलीस. तू त्यांच्या ऑफिसातली. काहीतरी त्यांच्या कामातलं सांग मला, दोन ओळी. तेवढं घातलं की तिला खरं वाटेल."

मला तो काळा फोटो आठवला.

"काका, रात्री काय करता?"

"रात्री लिहितो, उशीर झाला, उद्या बोलू."

"आणि काकू?"

आतून आवाज आला, "मनूदादा, कोण आलंय?"

काकांनी माझा दंड धरला. "ऑफिसातली मुलगी आहे गं," ते मोठ्याने म्हणाले. "श्रीकांतचा निरोप घेऊन आलीये." आणि माझ्या कानाशी, "पाया पडतो तुझ्या. निभावून ने."

खोलीत पडदे अर्धे ओढलेले होते. इस्पितळात असते तशी वरखाली होणारी खाट, आणि त्यावर काकू. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उरलेलंच इतकं थोडं होतं की चादरीखाली कुणी आहे असं वाटू नये. ओठ दातांखाली दाबून धरलेला, कपाळावर घाम, आणि उजव्या हाताच्या मुठीत मोबाइल.

"तू पल्लवी," त्या म्हणाल्या. "वायर काढणारी."

"हो काकू."

"बस. इथे नको, खाट हलते." मी स्टूल ओढून बसले. "न सांगता काढायला लागलीस का आता?"

"लागले."

त्या हसल्या. हसता हसता त्यांना कळ आली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. खालच्या ओठावर दातांचे वळ उठले होते. उशाशी वाटीत गोळ्या होत्या. एक नव्हे, बऱ्याच.

"काकू, गोळी घेतली नाहीत?"

"घेईन."

"घेतच नाही ती," काका दारातून म्हणाले. "सोमवारपासून एक गोळी घेतली नाही. बाई आणि मी थकलो सांगून. रात्र रात्र तळमळत असते."

"तू जा रे दादा बाहेर," काकू म्हणाल्या. काका हलले नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "त्याला काय कळतंय. सोमवारी माझं चुकलं. दुपारी फार दुखायला लागलं, म्हणून मी यांचा फोन यायच्या आधीच गोळी घेतली. झोप लागली. फोन वाजून गेला असणार, मला कळलंच नाही. हे न बोलताच बंगलोरला गेले. आता गोळी घेतली आणि पुन्हा तसंच झालं तर? आज रात्री करतो म्हणतात, उद्या करतो म्हणतात. मी जागी असायला हवी ना?"

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आणि मी यांना शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "सांगून जाणार म्हणून. म्हणून थांबलेय बघ. नाहीतर आता राहिलंय काय. तू यांना सांगशील का, कामं नंतर करा म्हणावं, आधी या. मला फार वेळ नाही थांबवत आता." त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं, आणि ते पुसायला त्यांनी मुठीतला फोन काही सोडला नाही. "कधी येणार आहेत ते? खरं सांग."

मी दाराकडे पाहिलं. काका मान हलवत होते, नाही, नाही. त्यांच्या डोळ्यांत निव्वळ गयावया होती. त्यांचा मला राग आला नाही, आजही येत नाही. बहिणीवर त्यांचा जीव होता म्हणून ते करत होते. पण बाकावर बसवून ठेवलेलं हे माणूस माझ्यासमोर होतं आणि दुखण्याने त्याचा जीव कासावीस होत होता. फटकळ म्हणून मिरवणारी मी, मला एक वाक्य काढायला ब्रह्मांड आठवलं.

मी त्यांचा दुसरा हात हातात घेतला.

"काकू, सर येणार नाहीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"सर गेले. सोमवारी. ऑफिसात बसल्या बसल्या. आम्ही लगेच इस्पितळात नेलं, पण उपयोग झाला नाही."

मागे काकांनी "अगं पोरी!" म्हटलं आणि ते दाराला टेकून खालीच बसले. काकूंच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मला वाटलं, मी हे काय करून बसले. मग त्यांचा श्वास आत गेला तो अडकत अडकत बाहेर आला, आणि त्या रडल्या. आवाज करण्याएवढी ताकदच नव्हती त्यांच्यात. नुसतं सगळं अंग हलत होतं आणि खाट किरकिरत होती. मी हात धरून बसले. मीही रडले. सर गेल्यापासून मी रडले नव्हते, ते सगळं त्या स्टुलावर बसून बाहेर पडलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"साडेतीनच्या सुमाराला."

"म्हणजे चारच्या आधी."

"हो."

"म्हणजे फोन वाजलाच नव्हता." त्या छताकडे बघत होत्या. "मी झोपले म्हणून चुकला नव्हता."

"नाही काकू. तुमचं काही चुकलं नाही."

"जेवले होते का?"

"जेवले होते. डबा मीच घासला. सगळा संपवला होता, लोणच्याची फोड तेवढी राहिली होती."

"मीठ दोनदा पडलं होतं भाजीत. मी इथून ओरडले, पण तोवर टाकलं होतं. खारट झाली होती ना?"

"झाली होती. मला चाखायला दिली त्यांनी. मी म्हटलं, सर, समुद्र आहे हा. ते म्हणाले, घरी सांगू नकोस."

त्यांच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी मान वळवली. "दादा, इकडे ये."

काका भिंत धरून उठले आणि खाटेपाशी आले. सत्तरीचा तो माणूस लहान मुलासारखा रडत होता. "शैला, मला वाटलं गं, तुला..."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "एकट्याने वाहिलंस रे सगळं. यांचा फोन तुझ्याकडेच आहे ना? दे."

काकांनी खिशातून फोन काढून त्यांच्या हातात दिला. आता दोन्ही फोन त्यांच्या पोटावर होते. त्यांनी त्यावरून एकदा बोटं फिरवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवले.

"हे बाजूला ठेव," त्या म्हणाल्या. "आणि मला गोळी दे."

मी गोळी दिली, पाणी पाजलं. गोळीचा अंमल चढेपर्यंत त्या जाग्या होत्या. जीभ जड व्हायला लागली तेव्हा म्हणाल्या, "सांगून जायचं होतं ना गं. आता कुणाला सांगू?"

"मला सांगा," मी म्हटलं.

त्या झोपल्या. ओठ दातांखालून सुटला होता. सोमवारनंतर पहिल्यांदाच झोपतेय, असं काका म्हणाले. ते मला दारापर्यंत सोडायला आले आणि नुसतेच माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

ड्रायव्हर मी पुरा केला. जे वाट बघतायत त्यांना आधी कळवायचं, कुलूप सोडायचं, आणि सगळ्यांनी हात सोडले की मगच आवरायचं, असा क्रम. महिनाअखेर तो गिऱ्हाइकाकडे गेला आणि शिबिरातून पुन्हा तक्रार आली नाही. सरांच्या टेबलावर बसायला मला सांगितलं होतं. मी माझ्याच टेबलावर बसत राहिले.

त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवसापासूनच चार वाजले की माझा फोन वाजायला लागला. "काय झालं आज?" असा बारीक आवाज यायचा. मी सांगायचे. कुणी कुणाचा चहा प्यायला, कुठली वायर तुटली, गिऱ्हाईक काय म्हणालं. कधी त्या सरांचं काही सांगायच्या, लग्नाआधीचं, त्यांच्या पहिल्या स्कूटरचं. मग म्हणायच्या, "चल, घेते गोळी." आवाज रोज थोडा थोडा खाली जात होता. घटस्थापना झाली त्या आठवड्यात मला फोन कानाला अगदी दाबून धरावा लागायचा.

एका दुपारी मी नव्या कॅमेऱ्याची चाचणी घेत होते. डाव्या हातात वायर होती. फोन वाजला. "काय झालं आज?" आलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे काकांचं रामरक्षा पुटपुटणं.

"काकू?"

"पल्लवी," त्या म्हणाल्या, "येते हं."

हातातली वायर मी टेबलावर ठेवली.

"हो काकू," मी म्हटलं. "या."